आमवात, कूर्चा आणि ग्रीन टी : किती, कधी, कसा

मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक मावशी येतात. चिठ्ठी पुढे करतात आणि दोन्ही तळहात काउंटरवर टेकवून उभ्या राहतात. गोळ्यांची पट्टी हातात दिली की ठरलेलं वाक्य, "फोडून दे गं बाई." पट्टीमागचा चंदेरी कागद अंगठ्याने दाबून गोळी बाहेर काढणं त्यांच्या बोटांना जमत नाही. मी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या एकेक करून डबीत काढून देते आणि मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधाच्या पाकिटावर जाड पेनाने लिहिते, ‘फक्त रविवारी’.

गेल्या खेपेला त्यांनी पिशवीतून आणखी एक बाटली काढली. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल होत्या, भाच्याने ऑनलाइन मागवून दिलेल्या. बाटलीवर हिरवं पान आणि सांध्यांच्या संरक्षणाचं आश्वासन. मावशींनी विचारलं, "चहाच आहे ना? मग घेते की. आणि याने बरं वाटलं तर ती रविवारची गोळी सोडली तर चालेल का?"

मागे रांग होती. पाच मिनिटांत जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न महिन्यातून दोन-चार वेळा तरी माझ्यापुढे येतो. आणि माझ्या आईला हे सांगणारं कुणी वेळेवर भेटलं नाही, हेही एक कारण आहे.

घाईत असाल तर एवढंच वाचा : कपातला चहा प्या, कॅप्सूल घेऊ नका, आणि आमवाताची गोळी चहाच्या भरवशावर सोडू नका.

दुखणं कुठल्या जातीचं, ते आधी ठरवा

आपल्याकडे कुठलाही सांधा दुखला की ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतात. पण वयोमानाने गुडघ्याची होणारी झीज वेगळी आणि आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. झिजेत सांधा वापराने दुखतो आणि बसलं की बरं वाटतं. आमवातात उलट. रात्रभर विश्रांती घेऊन सकाळी उठावं तर मूठ वळत नाही, आणि हा ताठरपणा अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाचे आणि मधले सांधे, मनगटं, पायांचे चवडे असे लहान सांधे जोडीने सुजतात, हाताला गरम लागतात. सोबत थकवा, बारीक ताप, भूक कमी. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो.

हा काही दुर्मीळ आजार नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. ग्रामीण भागातल्या सांधेदुखीचं नीट चित्र आपल्याला मिळालं ते अशाच कामामुळे. आमवाताचं प्रमाण साधारण शंभर-दोनशे प्रौढांमागे एक धरलं जातं. म्हणजे तुमच्या गल्लीत एखादी काकू नक्की असेल.

वरची लक्षणं सहा आठवड्यांहून जास्त टिकली असतील तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला), ईएसआर आणि सीआरपी (अंगातला दाह मोजायला) या रक्ततपासण्या सांगतील. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाहीच असं धरून बसू नका. अँटी-सीसीपी जास्त नेमकी तपासणी आहे, आणि दोन्ही निगेटिव्ह असूनही आमवात असणारे रुग्ण असतात.

चहाच्या लेखात तपासण्यांवर एवढं का लिहिते आहे? आईचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी बारावीत होते. तीन वर्षं तेल, लेप, मिठाच्या पुरचुंडीचा शेक आणि दुखेल तेव्हा वेदनाशामक गोळी, एवढ्यावर काढली. गोळीने दुखणं उतरायचं, म्हणून घरात सगळ्यांना वाटायचं की बरं चाललंय. शेवटी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून मनगटाच्या हाडांवर पेन फिरवला. म्हणाले, "ही जी काळी फट दिसायला हवी, ती म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा. इथे फटच उरलेली नाही." वेदनाशामक गोळी वेदना थांबवते, कूर्चेची हानी थांबवत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आईच्या उजव्या हाताची बोटं आजही करंगळीकडे झुकलेली आहेत.

कूर्चा संपते कशी

सांध्यात हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत, मोत्यासारखा पांढरट थर असतो ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. सांधा हलला की स्पंजसारखी दाबली जाते, सोडली की सांध्यातलं वंगण शोषून घेते, आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. तिची चौकट टाइप-टू कोलॅजेन या प्रथिनाच्या दोऱ्यांची. त्या दोऱ्यांमध्ये ॲग्रिकॅन नावाचे पाणी धरून ठेवणारे रेणू अडकवलेले. चटईची वीण आणि तिच्यात भरलेला कापूस असं समजा. हे सगळं सांभाळणाऱ्या पेशी अगदी मोजक्या असतात, म्हणूनच एकदा गेलेली कूर्चा शरीर पहिल्यासारखी विणू शकत नाही.

आमवातात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि वेलीसारखं कूर्चेवर पसरतं. त्यातून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे दाह पेटवणारे निरोप्ये सुटतात. त्यांचा निरोप मिळाला की पेशी विकरं, म्हणजे कातरणारी एन्झाइम, तयार करतात. एक टोळी कोलॅजेनचे दोरे कापते, दुसरी ॲग्रिकॅन. आधी कापूस जातो, मग वीण उसवते.

मेथोट्रेक्सेटसारखी औषधं ही साखळी वरच्या टोकाला तोडतात. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत ती सुरू झाली तर सांधे वाचण्याची शक्यता सर्वांत चांगली असते. चहाकडून काय अपेक्षा ठेवायची, ते या पार्श्वभूमीवर बघायचं.

चहातला पदार्थ नेमकं काय करतो

चहाच्या हिरव्या पानात कॅटेचिन नावाची पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतली तुरट द्रव्यं, असतात. त्यातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत अभ्यासलेलं म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे त्याला ईजीसीजी म्हणतात.

गाजलेला पहिला प्रयोग १९९९ चा. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात तारिक हक्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्यातून ग्रीन टीची पॉलिफेनॉल दिली आणि मग त्यांच्यात कोलॅजेन टोचून आमवातासारखा आजार निर्माण केला. साधं पाणी पिणाऱ्या उंदरांपैकी ८४ ते १०० टक्क्यांना सांध्यांचा आजार झाला. चहाची पॉलिफेनॉल घेणाऱ्यांत हे प्रमाण ३३ ते ५० टक्के होतं. आकडे मोठे आहेत, आणि आजही बहुतेक जाहिराती याच प्रयोगाच्या खांद्यावर उभ्या असतात. पण एक बाब लक्षात ठेवा. उंदरांना पॉलिफेनॉल आजार होण्याआधीपासून दिली होती. आपल्याकडे माणूस चहाचा विचार करतो तो सांधे सुजल्यावर.

२००२ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी गायीची आणि माणसाची कूर्चा, तीही निरोगी, झिजलेली आणि आमवाताची, काचेच्या भांड्यात घेऊन तिच्यावर कॅटेचिन घातली. ॲग्रिकॅनसारख्या रेणूंचं आणि टाइप-टू कोलॅजेनचं तुटणं कमी झालं. हक्कींच्या गटाने मानवी कूर्चेच्या पेशींवर दाखवलं की ईजीसीजी इंटरल्युकिन-१ चा निरोप पेशीच्या आतच अडवतं, त्यामुळे कातरणारी विकरं कमी बनतात. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच स्पोकेन शहरात सलाहुद्दीन अहमद यांच्या गटाने आमवाताच्या अस्तरपेशींमध्ये टॅक-१ नावाचं प्रथिन ईजीसीजीमुळे दबतं असं मांडलं. उंदरांच्या जातीतल्याच मोठ्या प्राण्यांत, म्हणजे घुशीसारख्या दिसणाऱ्या प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, घोट्याची सूज उतरली.

म्हणजे तत्त्व खरं आहे. अडचण पुढे येते. प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यावर जेवढं ईजीसीजी थेट ओततात, त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, दोन-तीन कप चहा प्यायल्यावर आपल्या रक्तात पोहोचतं. बरंचसं आतड्यातच मोडतं, थोडं यकृतात बदलतं, आणि काही तासांत निघून जातं. त्यातून रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेपर्यंत किती झिरपणार?

माणसांवरचा पुरावा त्यामुळेच धूसर आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ३१ हजारांहून जास्त वयस्क बायकांच्या पाहणीत, २००२ मध्ये, दिवसाला तीन कपांहून जास्त चहा पिणाऱ्यांत आमवात कमी आढळला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत चहाचा काहीच संबंध दिसला नाही. रुग्णांना ग्रीन टी देऊन पाहिलेले प्रयोग छोटे आहेत. त्यात काहींना बरं वाटल्याचं नोंदलंय, पण चहामुळे एक्स-रेमधली ती काळी फट टिकून राहिली असं कुठल्याही मोठ्या प्रयोगाने दाखवलेलं नाही.

म्हणून माझं मत असं : साखरेचा दुधाळ चहा दिवसातून पाच वेळा पिण्याऐवजी दोन-तीन कप ग्रीन टी पिणं ही चांगली सवय आहे. तिला औषध म्हणू नका.

कुठला चहा घ्यायचा

आमच्याकडे येणाऱ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ गवती चहाचा. परसातला तो हिरवागार, लिंबाच्या वासाचा गवती चहा म्हणजे ‘ग्रीन टी’ असं अनेकांना वाटतं. तो गवताचा प्रकार आहे, चहाच्या झुडपाशी त्याचं नातं नाही आणि त्यात ईजीसीजी नसतं. सर्दीत जरूर घ्या, आलं घालून तर छानच लागतो. तुळशीचा, पुदिन्याचा, जास्वंदीचा ‘चहा’ही त्याच रांगेतला. पाकिटावर घटक वाचा. चहाची पानं पहिल्या क्रमांकावर नसतील तर तुम्ही कॅटेचिनसाठी पैसे मोजत नाही आहात.

आपला रोजचा दाणेदार चहा त्याच झुडपाचा असतो, पण पानं चिरडून, फाडून, वळवून हवेत काळी होऊ दिलेली असतात. त्या प्रक्रियेत बहुतेक कॅटेचिनची थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होतात. त्यांनाही गुण आहेत, पण कूर्चेवरचे बहुतेक प्रयोग ईजीसीजीवर झालेत. दुधाबद्दल म्हणाल तर २००७ मध्ये बर्लिनमधल्या एका छोट्या प्रयोगात काळ्या चहाचा रक्तवाहिन्यांवरचा चांगला परिणाम दूध घातल्यावर नाहीसा झाला. दुधातलं केसीन कॅटेचिनला चिकटतं. इतर प्रयोग उलटसुलट आहेत, तरी ग्रीन टीत दूध घालायचं कारणच नाही.

सुटी पानं मिळाली तर उत्तम. आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, कांगडा, सगळीकडचा ग्रीन टी आता मिळतो. जपानी सेन्चासारखाच व्हायला हवा असा हट्ट नको. माचा, म्हणजे पानाचीच बारीक भुकटी, यात पान पोटात जातं, त्यामुळे कॅटेचिन आणि कॅफिन दोन्ही जास्त. माचा घेत असाल तर दिवसाला एकच कप. बाटलीबंद गोड ‘आइस टी’ घेऊ नका, त्यात साखर भरपूर आणि कॅटेचिन नावापुरती. पिशवी फोडली की पानं हवाबंद डब्यात, उजेडापासून लांब ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

करायचा कसा

आपल्या हाताला चहा उकळायची सवय. ग्रीन टी उकळला की कडूजहर होतो, मग माणूस त्यात दोन चमचे साखर घालतो आणि आठवड्यात सोडून देतो. उकळत्या पाण्यात ईजीसीजीचा काही भाग रूपही बदलतो.

पाणी साधारण ८० अंशांचं हवं. थर्मामीटरची गरज नाही. तीन वाट्या उकळलेलं पाणी आणि एक वाटी माठातलं नव्हे, साधं खोलीतलं पाणी एकत्र केलं की ऐंशीच्या जवळ येतं. एका कपाला, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटरला, दोन ग्रॅम पानं पुरतात. साधारण एक सपाट चमचा. झाकून तीन मिनिटं ठेवा आणि गाळा. अशा कपातून अंदाजे ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी मिळतं. पानं चांगली असतील तर त्याच पानांवर दुसरा कपही होतो, फिका पण गोडसर.

गाळल्यावर लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. कॅटेचिन आंबट द्रवात टिकतात आणि आतड्याच्या अल्कधर्मी वातावरणात लवकर मोडतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००७ मध्ये पचनाची नक्कल करून पाहिलं तेव्हा लिंबूवर्गीय रसाने जास्त कॅटेचिन टिकली. साखर नको, गूळही नको. पहिले दहा-बारा दिवस तुरट लागेल, पानं थोडी कमी घाला आणि वेळ दोन मिनिटांवर आणा.

आणि घोटभर थांबून प्या. ६५ अंशांपेक्षा गरम पेय सतत पिणं अन्ननलिकेला घातक असू शकतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. ओठाला चटका बसेल असा चहा पिणं ही आपल्याकडची फुशारकी सोडलेली बरी.

आता हातांबद्दल, कारण कृतीच्या लेखांत हे कुणी लिहीत नाही. सुजलेल्या बोटांनी सांडशी धरून उकळत्या पाण्याचं पातेलं उचलणं हा आमवाताच्या रुग्णासाठी स्वयंपाकघरातला सर्वांत धोक्याचा क्षण आहे. आईच्या हातून एकदा पातेलं सुटलं, पाणी ओट्यावर गेलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे पातेलं उचलत नाहीत. गॅस बंद करून ओगराळ्याने पाणी कपात घेतात. विजेची छोटी किटली अर्धीच भरली तर तीही चालते. कप कानात दोन बोटं अडकवून नव्हे, दोन्ही तळहातांनी धरायचा. रुंद, जाडसर कानाचा मग घ्या. सकाळी ताठरपणा असताना तसाच कोमट मग दोन मिनिटं हातात धरून बसलं तर बोटं सैल व्हायला मदत होते. आई त्याला ‘हातांची आंघोळ’ म्हणते. टी-बॅग पिळायला बोटं वापरू नका, चमच्याने दाबा.

प्यायचा कधी : गोळ्यांच्या वेळा आधी, चहा नंतर

दुकानदार म्हणून मला सर्वांत जास्त काळजी याच भागाची वाटते.

लोह. आमवाताच्या अनेक रुग्णांना रक्त कमी असतं. चहातली पॉलिफेनॉल पालेभाज्या, डाळी, नाचणीतलं लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत, आणि चहा त्यानंतर तासाभराने.

मेथोट्रेक्सेट. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं, म्हणून मी पाकिटावर वार लिहिते, तुम्हीही लिहा. हे औषध शरीरातल्या फोलेटच्या (फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) कामात अडथळा आणतं. ते ज्या विकराला अडवतं त्यालाच प्रयोगशाळेत ईजीसीजीही अडवतं, असं स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. कपातल्या मात्रेने काही बिघडेल असं नाही, पण डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी चहासोबत गिळू नका. साध्या पाण्यासोबत घ्या आणि दोन तास चहा नको. कॅफिनमुळे मेथोट्रेक्सेटचा गुण कमी होतो का, यावर अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दिवसाला तीन कपांची मर्यादा मला योग्य वाटते.

वेदनाशामक गोळ्या नेहमी काहीतरी खाऊन. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी चहा आणि त्यासोबत दुखण्याची गोळी, ही आपल्या घराघरातली जोडी पोटात अल्सर करायला पुरेशी आहे. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रोजचा ग्रीन टी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. नॅडोलॉल या रक्तदाबाच्या औषधाची रक्तातली पातळी ग्रीन टीमुळे खूप खाली जाते हे जपानमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर दिसून आलं आहे.

वेळापत्रक म्हणून आमच्या घरचं सांगते. सकाळी सातला आई पोहे किंवा भाकरीचा तुकडा खाते आणि गोळ्या घेते. साडेनऊला पहिला कप. साडेबारा-एकला जेवण, मध्ये तीन तास. साडेतीनला दुसरा कप. तिसरा हवाच असेल तर पाचच्या आत, नाहीतर झोप उडते, आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी सांधे जास्त ठणकतात. आणि सकाळचा एक कप दुधाचा चहा तिने सोडलेला नाही. मी सोडायला लावलाही नाही.

कॅप्सूल का नको

मावशींच्या बाटलीवर एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क आणि दिवसाला दोन, असं छापलं होतं. त्या अर्कात ईजीसीजी किती, हे कुठेच नव्हतं.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासला. कपातून चहा पिणाऱ्यांना दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी मिळतं आणि ते सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. पण कॅप्सूलमधून ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर यकृताची विकरं वाढलेली आढळली. २०२२ मध्ये युरोपीय संघाने नियमच केला : रोजच्या मात्रेत ८०० मिलिग्रॅमच्या आत, आणि रिकाम्या पोटी घेऊ नये, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये अशा सूचना लेबलवर. त्याआधी २००३ मध्येच फ्रान्स आणि स्पेनमध्ये ग्रीन टीच्या अर्काचं वजन घटवण्याचं एक उत्पादन यकृताच्या तक्रारींमुळे बाजारातून काढावं लागलं होतं. रिकाम्या पोटी अर्क घेतला की ईजीसीजी रक्तात एकदम चढतं. कप घोटाघोटाने पितो, कॅप्सूल एका झटक्यात उतरते.

आता यात मेथोट्रेक्सेट मिळवा. तेही यकृतावर ताण देणारं औषध, म्हणून तर दर काही आठवड्यांनी एसजीपीटी, म्हणजे रक्तातलं यकृताचं विकर, तपासतात. लेफ्लुनोमाइड या आमवाताच्या दुसऱ्या औषधाचंही तसंच. कॅप्सूलमुळे एसजीपीटी वाढलं आणि डॉक्टरांना कॅप्सूलची कल्पनाच नसेल, तर ते मेथोट्रेक्सेटच कमी करतील किंवा थांबवतील. कूर्चा वाचवायला घेतलेल्या कॅप्सूलपायी कूर्चा वाचवणारं औषध बंद पडेल.

कॅप्सूल घेत असाल आणि लघवी गडद, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना उडणं यातलं काही दिसलं, तर कॅप्सूल त्या क्षणी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा.

बारा आठवडे नोंद ठेवा

फरक पडतोय का, हे मनाच्या अंदाजावर सोडू नका, कारण आमवात आपसूकही वर-खाली होतो. एक वही घ्या. रोज सकाळी तीनच नोंदी : ताठरपणा किती मिनिटं टिकला, मूठ पूर्ण वळली की अर्धी, आणि किती सांधे सुजलेले दिसले. शेजारी चहाचे कप आणि वेळ. आई मिनिटं कुकरच्या शिट्ट्यांवर मोजायची, "दोन कुकर झाले तरी बोटं उघडेनात." तेही चालतं, रोज एकाच मापाने मोजा म्हणजे झालं. सुरुवातीला आणि बारा आठवड्यांनी ईएसआर, सीआरपी करून घ्या. मेथोट्रेक्सेट असेल तर रक्ताचा पूर्ण तपास, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी. या काळात एकच बदल करा. चहा, हळदीची गोळी आणि नवं तेल एकाच आठवड्यात सुरू केलं तर कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.

बिडी-सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा. धूम्रपानाने आमवात होण्याचा धोकाही वाढतो आणि औषधांचा गुणही कमी येतो, इतक्या ठामपणे चहाबद्दल काहीच सांगता येत नाही. सांधे रोज हलवा, कूर्चेचं पोषण हालचालीतूनच होतं. गरोदर राहायचा विचार असेल तर मेथोट्रेक्सेटबद्दल डॉक्टरांशी कित्येक महिने आधी बोला.

ताठरपणाची मिनिटं दोन आठवडे सलग वाढत गेली, नवा सांधा सुजला, किंवा एकच सांधा अचानक लालबुंद होऊन ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. शेवटची गोष्ट जंतुसंसर्गाची असू शकते आणि ती त्याच दिवशी दाखवायची असते.

पुढच्या तपासणीला जाताना वही, चहाचं पाकीट आणि घरात असलेली प्रत्येक बाटली, भाच्याने मागवलेली, शेजारणीने दिलेली, काढ्याची, सगळ्या एका पिशवीत घाला आणि टेबलावर मांडा. मावशींनी या महिन्यात तसंच केलं. डॉक्टरांनी कॅप्सूलची बाटली बाजूला ठेवली आणि गोळी तशीच चालू ठेवली. काल त्या दुकानात आल्या, फॉलिक ॲसिडची पट्टी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "ते तीन वाट्या उकळतं आणि एक वाटी साधं, की उलटं?"